सुटे करणे आणि पुन्हा जुळवणे: प्रतिमा-विभाजनाचा पूर्वेतिहास

प्रकाशचित्राचे घटक सुटे करून त्यांवर स्वतंत्र संस्कार करायचे आणि मग ते पुन्हा एकत्र आणायचे, ही पद्धत संगणकाहून बरीच जुनी असून तिच्या इतिहासात सुटे करण्यापेक्षा जुळवणेच नेहमी अधिक अवघड ठरले आहे. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका चौकटीदार फितीची लाल, हिरव्या व निळ्या गाळणीतून घेतलेली तीन कृष्णधवल चित्रे त्या त्या रंगाच्या प्रकाशात एकावर एक पाडून रंगीत प्रतिमा दाखवली. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांनी एकाच लांब काचेवर अशी तीन चित्रे एकामागून एक टिपली. परंतु दरम्यान पाणी वाहत राही, माणसे हलत, आणि जुळवताना त्यांच्या कडांना रंगीत झालर येई. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ साली विकत घेतलेल्या या संग्रहातील १,९०२ निगेटिव्ह २००४ साली संगणकाच्या साह्याने जुळवल्या गेल्या. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसमध्ये मात्र हेच विभाजन कारागिराच्या नजरेने होई. प्रत्येक रंगाचा भाग स्वतंत्र शिळेवर उतरवून ते कागदावर तंतोतंत एकावर एक छापावे लागत.

संगणकावर हे काम सामान्य वापरकर्त्याच्या हाती येण्यात ‘गिम्प’ या मुक्त चित्रसंपादन-प्रणालीचा वाटा मोठा आहे. बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ साली जाहीर केलेल्या या प्रणालीत आरंभापासूनच प्लगइनना, म्हणजे बाहेरून जोडता येणाऱ्या पूरक आज्ञावलींना, जागा होती. पुढे ‘स्क्रिप्ट-फू’ ही सोय आली आणि ‘स्कीम’ या भाषेत काही ओळी लिहून अनेक क्रिया एका साखळीत गुंफणे शक्य झाले. ‘डिकंपोज’ ही आज्ञा प्रतिमेच्या रंगवाहिन्या करड्या छटांच्या स्वतंत्र थरांत मांडते, ‘कंपोज’ त्या एकत्र करते, आणि ‘रीकंपोज’ तर विभाजनाच्या वेळी थरांसोबत जोडलेल्या नोंदीवरून बदललेले थर थेट मूळ प्रतिमेत परत नेते. ही नोंद किरकोळ वाटली तरी तिच्यामुळेच विभाजन ही उलटवता येणारी क्रिया झाली, आणि तिचे महत्त्व त्यातच आहे.

याहून सूक्ष्म विभाजन रंगांचे नसून तपशिलाच्या आकाराचे असते. प्रतिमा धूसर करून ती मूळ प्रतिमेतून वजा केली, तर बारीक पोत वेगळा उरतो. हीच क्रिया वाढत्या धूसरतेने पुन्हा पुन्हा केली की निरनिराळ्या आकारांच्या तपशिलांचे थर मिळतात, आणि या रीतीला ‘वेव्हलेट’ विभाजन म्हणतात. त्वचेवरचा डाग काढताना छायाप्रकाश अबाधित राहावा, यासाठी छायाचित्र-संस्कार करणाऱ्यांनी ती उचलून धरली. वजाबाकी ऋणही येऊ शकते म्हणून तीत मधली करडी छटा, म्हणजे १२८, मिळवतात आणि जुळवताना तितकेच वजा करतात. मात्र ८-बिट प्रतिमेत प्रत्येक मूल्य ० ते २५५ याच मर्यादेत बसवावे लागते. अंधारातील एखाद्या तेजस्वी ठिपक्याचे मूल्य २४० आणि धूसर प्रतीतील मूल्य ८० असेल, तर फरक १२८ मिळवून २८८ होतो, तो २५५ वर छाटला जातो, आणि जुळवणीनंतर २४० ऐवजी २०७ हाती येतात. एकही फटकारा न मारता प्रतिमा बदलते, हा दोष विशेष गंभीर होता, कारण पोत व छाया वेगळ्या करण्यामागचा सारा विश्वास बेरीज मुळाइतकी येण्यावर उभा होता. २०१८ च्या २.१० या आवृत्तीत गिम्पने ३२-बिट दशांश मूल्यांवर काम करण्याची सोय दिली, ज्यात मर्यादेबाहेरचे मूल्य छाटले न जाता टिकते, आणि त्याच आवृत्तीत, पूर्वी प्लगइन म्हणून वेगळे बसवावे लागणारे वेव्हलेट विभाजन मूळ प्रणालीत सामावून घेतले गेले.