कॉम (युनिक्स आज्ञा)
कॉम : दोन फायलींतील ओळी ताडून पाहणारी युनिक्स आज्ञा. बेल प्रयोगशाळेतील युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत (१९७३) ती आली. ती तीन स्तंभ छापते : फक्त पहिल्या फायलीतल्या, फक्त दुसऱ्या फायलीतल्या आणि दोन्हींत सामाईक असलेल्या ओळी. नको तो स्तंभ त्याच्या क्रमांकाने वगळतात. म्हणून ‘-१२’ दिल्यास संचांचा छेद मिळतो, ‘-२३’ दिल्यास फरक. संयोगासाठी मात्र ‘सॉर्ट -यू’ ही दुसरी आज्ञा सोयीची. दोन्ही फायली आधी एकाच क्रमाने लावलेल्या हव्यात. ही अट जाचक वाटली तरी मोलाची आहे : तिच्यामुळेच प्रत्येक फाइल एकदाच वाचून, स्मृतीत एकेक ओळ ठेवून भागते आणि प्रचंड याद्याही सहज हाताळता येतात. ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त असली, तरी ती ओळ निराळीच धरली जाते.