घोडेयात्रा (सारंगखेडा ते माळेगाव)

घोडेयात्रा : महाराष्ट्रात हिवाळ्यात देवस्थानांच्या यात्रांना लागून भरणारे घोड्यांचे बाजार, आणि त्यांच्यासोबत होणारी प्रदर्शने व चालीच्या शर्यती. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा (ता. शहादा) आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव (ता. लोहा) ही तिची दोन मोठी ठाणी. परभणीकरांना माळेगाव जवळचे. परभणीहून गंगाखेड, पालम, लोहा अशी सरळ वाट आहे.

एका ठाण्याहून पुढच्या ठाण्याला जाणाऱ्या या फेरीला कचेरी नाही, चिटणीस नाही. तिचे वेळापत्रक पंचांगात छापलेले असते. राजस्थानात पुष्करची जत्रा कार्तिक पौर्णिमेला, तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, माळेगावी खंडोबाची मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, आणि पंजाबात मुक्तसरचा माघी मेळा मकरसंक्रांतीला. २०२४ मध्ये दत्तजयंती १४ डिसेंबरला होती आणि माळेगावची चतुर्दशी २९ डिसेंबरला. मधल्या पंधरवड्यात न विकलेली जनावरे ट्रकात चढवून खानदेशातून मराठवाड्यात उतरवायची, हा व्यापाऱ्यांचा रिवाज. गंमत अशी की आपला मार्गशीर्ष वद्य पक्ष मारवाडच्या व्यापाऱ्याच्या लेखी पौषाचा असतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. महिन्याच्या नावावर एकमत नसले तरी तिथीला दोघेही हजर असतात.

खंडोबा हा घोड्यावरचा देव, त्यामुळे माळेगावी घोड्याला वेगळा मान. देवस्वारी निघते, बेलभंडार उधळला जातो आणि त्याच माळावर घोडी, गाढवे, उंट, लाल कंधारी वळू बांधलेले असतात. भटक्या जमातींच्या जातपंचायती, कुस्त्यांची दंगल, तमाशाचे फड हेही इथलेच. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बाजारातले रंगांचे शब्द आजही फारसी-दखनी वळणाचे आहेत : मुश्की म्हणजे काळा, कुमैत म्हणजे तांबडा पण आयाळ-शेपूट काळी, नुकरा पांढरा, अबलख ठिगळ्याठिगळ्यांचा. चारही पाय आणि चेहरा पांढरा असेल तर पंचकल्याणी. त्याची किंमत चढते. एकच मागचा पाय पांढरा असला की अर्जल, आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते. गळ्यावरचा भोवरा म्हणजे देवमण, तो शुभ. जनावराच्या ताकदीशी याचा संबंध शून्य, पण सौदा मोडायला एक भोवरा पुरतो.

जाणता माणूस मात्र आधी ओठ वर करतो. घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात : साधारण अडीच वर्षांनी दोनदाती, साडेतीन वर्षांनी चारदाती, साडेचार वर्षांनी सहादाती. बैलाच्या हिशोबाची सवय असलेला शेतकरी इथे फसतो. बैल आठ दातांनी जुळतो, घोडा सहांतच. मग टाचेने चालवून लंगड पाहायची, खूर उचलायचा, डोळ्यासमोर हात हलवायचा. उंची खांद्यापाशी इंचात मोजतात. शेवटी दलाल उपरण्याखाली हात घेतो आणि बोटांनी आकडा सांगतो. वर्तमानपत्रांत दरवर्षी अमुक घोड्याची किंमत कोटीत छापून येते. तो मागितलेला भाव असतो. उपरण्याखालचा आकडा बातमीदाराला दिसत नाही.

एके काळी घोड्यांची मागणी लष्कराची होती. मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर, असे दोन प्रकार होते. त्या फौजांचे ठेंगणे, काटक तट्टू म्हणजे भीमथडी, भीमेच्या खोऱ्यातले. पुढे फौजा गेल्या, मग टांगेही गेले. भीमथडी उरला तो मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर भागांतल्या मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडापाठी. भारतातील घोड्यांच्या नोंदलेल्या जातींत त्याचा क्रमांक आठवा आणि तोही अगदी अलीकडचा, हे या मुलखाला फारसे भूषणावह नाही. यात्रांतून भाव खातात ते कान आत वळलेले मारवाडी आणि काठियावाडी. आजचे गिऱ्हाईक म्हणजे वरातीला घोडी पुरवणारे, नाचकाम शिकवणारे आणि हौसेने पागा बाळगणारे बागायतदार.

सारंगखेड्याच्या यात्रेला गेल्या दशकात पर्यटन महामंडळाच्या मदतीने ‘चेतक फेस्टिव्हल’ हे रूप आले. तंबू लागले, शर्यती व नाचाच्या स्पर्धा रंगमंचावर आल्या. माळेगावचा कारभार नांदेड जिल्हा परिषदेकडे असून तिथे अश्व, श्वान, कुक्कुट असे एकत्र प्रदर्शन भरते. स्पर्धेत खरी नजर रेवाल चालीवर असते. स्वार खोगिरावर उसळत नाही, त्याच्या हातातल्या पेल्यातले पाणी हिंदकळत नाही, अशी ती चाल. दुडकीने धावणारा घोडा कितीही देखणा असला तरी इथे मागे पडतो. अमेरिकेत पाव मैलाच्या दौडीवरून नाव पडलेल्या क्वार्टर हॉर्सची १९४० साली स्थापन झालेली संघटना वंशावळ आणि स्पर्धेतले गुण नोंदते. आपल्या फेरीत असे गुण साठत नाहीत. घोड्याचे नाव झाले तर ते पुढच्या ठाण्याला तोंडोतोंडी पोचते, आणि त्याबरोबर त्याच्या खोडीही.

करोनाच्या साथीत २०२०-२१ च्या हिवाळ्यात हे बाजार भरले नाहीत. त्याहून जुनी धास्ती ग्लँडर्सची. हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होतो. बाधित जनावराला दयामरण द्यावे लागते आणि मालकाला सरकारी भरपाई मिळते. रक्तनमुन्यांची पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. म्हणून ट्रक निघण्याआधी मोतद्दाराकडे चंदीची पिशवी, खरारा आणि नाल यांच्याबरोबर तपासणीचा दाखलाही लागतो. माळेगावचा माळ रिकामा झाला की पंजाबातले व्यापारी उरलेली जनावरे घेऊन मुक्तसरकडे वळतात.