सगळंच मोठ्यानं : रश बँड, त्यांचे चाहते आणि ‘आजचं संगीत’

“आजकालच्या संगीतात काही राम राहिला नाही” हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी वाचायला मिळतंच. त्याखाली मग ठरलेलं भांडण. एक गट म्हणतो, पूर्वीचे वादक ते वादक, आता सगळं बटणावर चालतं. दुसरा म्हणतो, काका, तुम्ही नवीन ऐकणंच सोडून दिलंय. दोघंही वादकांबद्दल आणि चालींबद्दल बोलतात. पण स्टुडिओत वाजवलेलं गाणं आपल्या कानापर्यंत येईस्तोवर मधे त्याच्या आवाजाचं काय केलं जातं, हा विषय सहसा निघतच नाही. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला मोठा घोटाळा तिथे झालाय. तो समजायला एका बँडची गोष्ट सांगतो. पोस्ट लांबलचक आहे, सवडीनं वाचा.

बँडचं नाव रश, गाव कॅनडातलं टोरोंटो. तिघंच जण. गेडी ली बास गिटार वाजवतो, गातो आणि तेवढ्यात हातानं कीबोर्ड, पायानं पेडल्सवर आणखी सूर धरतो. अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारवर. आणि १९७४ मध्ये येऊन मिळालेला ड्रमर नील पर्ट, जो बहुतेक सगळी गाणी लिहायचाही. रॉक म्हणजे नुसता धिंगाणा असं ज्यांना वाटतं त्यांनी या तिघांना ऐकावं. सातच्या मात्रेत चाललेलं गाणं मधेच पाचात जातं, परत येतं, आणि ऐकणाऱ्याला ठेच लागत नाही.

१९७५ चा त्यांचा अल्बम आपटला. कंपनी म्हणाली, जरा रेडिओवर वाजेल असं सुटसुटीत करा. यांनी पुढच्याच वर्षी रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारं वीस मिनिटांचं एकच गाणं केलं. ‘२११२’ नावाचा तो अल्बम चालला, आणि त्यानंतर कंपनीनं त्यांच्या कामात फारसं नाक खुपसलं नाही.

पर्टबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. १९९४ च्या सुमारास, जगभरचे ड्रमर ज्याची नक्कल करून शिकत होते तो हा माणूस चाळिशी उलटल्यावर फ्रेडी ग्रुबर नावाच्या म्हाताऱ्या गुरूकडे शिकायला गेला. काठ्या धरायची पद्धतसुद्धा बदलली. नावाजलेल्या तबलजीनं वीस वर्षं मैफिली गाजवल्यावर पुन्हा पहिल्यापासून हात बसवायला घ्यावा, तसं हे.

मग १९९७ चा ऑगस्ट आला. पर्टची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली, एकोणीस वर्षांची. दहा महिन्यांनी बायको कॅन्सरनं गेली. मी निवृत्त झालो असं समजा, असं त्यानं दोघा मित्रांना सांगितलं आणि मोटरसायकल काढून निघाला. कॅनडा, अलास्का, अमेरिका, मेक्सिको, बेलीझ... सुमारे ८८ हजार किलोमीटर. बाकीच्या दोघांनी नवा ड्रमर शोधला नाही. थांबले. चाहतेही थांबले. बँड संपला असंच बहुतेकांनी धरलं होतं.

२००१ च्या जानेवारीत तिघं पुन्हा स्टुडिओत जमले. वर्षभराहून जास्त काळ काम चाललं. मे २००२ मध्ये ‘व्हेपर ट्रेल्स’ आला, सहा वर्षांनी. त्यात कीबोर्ड अजिबात नाही, नुसती गिटार, बास, ड्रम आणि गळा. पहिलं गाणं सुरू होतं तेच पर्टच्या एकट्याच्या ड्रमनं. सगळं गमावून बसलेला माणूस परत येऊन पहिला ठोका मारतोय, याहून वेगळं काय सांगायला हवं होतं?

आणि तो अल्बम ऐकवत नव्हता.

म्हणजे गाणी उत्तम, वाजवलंयही तसंच. पण सीडी लावली की सगळं एकमेकांवर चढलेलं. झांज फाटल्यासारखी, बास गिटारच्या तारांत खरखर, दोन-तीन गाण्यांनंतर डोकं जड. चाहते आधी स्वतःच्या स्पीकरला दोष देत बसले. मग काहींनी गाणी कॉम्प्युटरवर उघडून ध्वनिलहरीचं चित्र पाहिलं. डोंगरदऱ्या दिसायच्या तिथे वरून रंधा मारल्यासारखी सपाट फळी.

हे कशानं झालं? थोडं तांत्रिक आहे, पण अवघड नाही.

आपलं ढोल-ताशा पथक आठवा. आधी ताशा एकटा कडकडतो, मग क्षणभर सगळं थांबतं, आणि एकदम चाळीस ढोल पडतात. छातीत जे होतं ते त्या थांबण्यामुळे होतं. आता कुणी ताशाचा आवाज यंत्रानं ढोलाइतका केला, मधली शांतता भरून काढली आणि ढोल वाढवायला वर जागाच ठेवली नाही, तर? गोंगाट भरपूर होईल, ठोका लागणार नाही. गाण्यातला हळू आणि मोठा आवाज जवळ आणण्याचं काम कॉम्प्रेसर करतो, आणि वरचं टोक छाटण्याचं काम लिमिटर. दोन्ही उपयोगी यंत्रं आहेत, जपून वापरली तर. मिठासारखी.

आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजावं ही हाव तशी जुनीच. अमेरिकेतल्या हॉटेलांत ज्यूकबॉक्स असायचे, त्यांचा आवाज मालक एकदाच ठरवून ठेवायचा. मग ज्याची तबकडी जास्त जोरात कोरलेली त्याचं गाणं उठून दिसे. पण तबकडीला शरीराची मर्यादा होती. खाच फार रुंद केली की सुई उडते, आणि रेकॉर्डवर वेळही कमी मावतो. १९८२ मध्ये सीडी आली आणि ती अडचण गेली. गंमत बघा, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर तबकडीपेक्षा कितीतरी जास्त ठेवता येतं, म्हणून ज्या सीडीचं कौतुक झालं, तिच्यावरच हे अंतर नाहीसं केलं गेलं. सीडीत आवाजाला वर पक्कं छत असतं. त्यावर जाता येत नाही, पण सगळ्यांना छताला चिकटवून उभं करता येतं. १९९० च्या दशकात डिजिटल लिमिटर आल्यावर ते अगदी सोपं झालं.

यात कानाचा स्वभावही आहे. तेच गाणं थोडं मोठं करून ऐकवलं तर माणसाला ते जास्त चांगलं वाटतं. कंपनीच्या साहेबापुढे दोन नमुने ठेवले की तो मोठा निवडणार. शेजारच्या कंपनीचा साहेबही तेच करणार. या शर्यतीला इंग्रजीत ‘लाउडनेस वॉर’ म्हणतात. एकदा सगळेच ओरडायला लागल्यावर कुणाचाही फायदा उरत नाही, पण आधी गप्प कोण होणार?

आता चाहत्यांकडे या, कारण माझा जीव त्यांच्यात आहे. याच ‘व्हेपर ट्रेल्स’च्या दौऱ्यात, नोव्हेंबर २००२ मध्ये, रश पहिल्यांदा ब्राझीलला गेले. रिओच्या माराकाना स्टेडियमवर चाळीसेक हजार लोक. तिथलं चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. ‘वायवायझेड’ ही रशची निव्वळ वाद्यांची रचना. टोरोंटोच्या विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह मोर्स कोडमध्ये वाजवून तिचा ठेका बांधलाय. तिला शब्दच नाहीत. तरी ते हजारो लोक गिटारची धून तोंडानं गातायत, उड्या मारतायत, समेवर अचूक येतायत. लोकांना अवघड संगीत नको असतं, साधंसोपं द्या, असं म्हणणाऱ्या प्रत्येक साहेबाला हे दाखवावं.

अशा कानांना सपाट फळी कशी पटेल? त्यांनी तक्रार सोडली नाही, आणि बँडनंही ती झटकली नाही. आवाज बिघडलाय हे गेडी ली आणि लाइफसननं उघडपणे मान्य केलं. दोष शेवटच्या टप्प्यावरचाच नव्हता, मिक्सिंगमध्येच मुरला होता, त्यामुळे वरवरची डागडुजी चालणार नव्हती. २००९ मध्ये एका संग्रहात दोन गाणी नव्यानं मिक्स करून दिली. लोक म्हणाले, आता बाकीचीही द्या. शेवटी २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलनं अख्खा अल्बम पुन्हा मिक्स केला. अकरा वर्षांनी! झांज झांजेसारखी वाजू लागली आणि आधी कुठेतरी दबलेले गळ्याचे थर वर आले. जुनंच बरं होतं म्हणणारेही आहेत, असू देत.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रशला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं. पात्र होऊन दशक उलटून गेलं होतं. समीक्षकांना हा बँड फारसा मानवलाच नाही, तो टिकला तो चाहत्यांवर. समारंभात संस्थेच्या प्रमुखाची सभागृहानं हुर्यो उडवली आणि रशचं नाव निघताच टाळ्या थांबेनात. लाइफसननं तर अख्खं भाषण फक्त ‘ब्ला ब्ला’ एवढ्याच शब्दांत हातवारे करून दिलं.

सगळेच बँड इतके मोकळे नसतात. सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला. हीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमसाठीही दिली होती, आणि गेममधली प्रत सीडीपेक्षा स्वच्छ निघाली. पोरं खेळता खेळता हे ओळखून बसली. दहा हजारांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या की अल्बम पुन्हा नीट करून द्या. सीडीचं मास्टरिंग करणाऱ्यानंच एका चाहत्याला कळवलं की माल माझ्याकडे आला तोच चेपलेला होता, आणि या कामाचा मला काही अभिमान नाही. बँडचं म्हणणं मात्र आवाज ठीकच आहे.

२०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधल्या साडेचार लाखांहून जास्त पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांचा हिशोब मांडला. आवाजाची पातळी वाढत गेलीय आणि नादाची विविधता कमी झालीय, असं त्यांना आढळलं. तेव्हापासून ‘नवीन संगीत वाईट हे विज्ञानानं सिद्ध केलं’ असे मेसेज फिरतात. असं काहीही सिद्ध झालेलं नाही. गाणं चांगलं की वाईट हे त्यांनी मोजलंच नव्हतं. तशी मोजपट्टी कुणाकडे असेल तर कळवा.

आवाजाची मोजपट्टी मात्र आहे, आणि तोडगा तिच्यातूनच निघाला. सगळ्यात जास्त ओरडायच्या त्या टीव्हीवरच्या जाहिराती. २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारण संघटनेनं, कानाला सरासरी किती मोठं वाटतं त्यावर बेतलेलं माप ठरवून दिलं. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की जाहिरातीचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा असता कामा नये. डिसेंबर २०१२ पासून तो लागू आहे. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याचं नाव ‘शांत’ अशा अर्थाचं केलंय. पुढे गाणी मोबाइलवर आली तेव्हा स्पॉटिफाय, यूट्यूब यांनीही हेच धोरण घेतलं. गाणं ठरावीक पातळीपेक्षा मोठं असेल तर ते आपोआप खाली आणलं जातं. स्पॉटिफायचं नेहमीचं माप वजा १४ एलयूएफएस. म्हणजे आता आवाज चेपून मोठा केला तरी शेजाऱ्यापेक्षा मोठा वाजत नाही, नुसताच चेपलेला वाजतो. सवयीनं अजूनही चेपणारे आहेत, पण शर्यतीत बक्षीसच उरलं नाही.

आपल्याकडे काय? १९९४ च्या केबल टीव्ही नियमांत, जाहिरातीचा आवाज अति ‘लाउड’ नसावा असं वाक्य आहे. म्हणजे अमेरिकेच्या सोळा वर्षं आधी आपल्याला हे सुचलं होतं. फक्त अति म्हणजे किती, तो आकडा त्या वाक्यात नाही. रस्त्यावरच्या आवाजाला आकडा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र.

या शांतता क्षेत्रापायीच मुंबईचं रंगभवन गेलं. धोबी तलावचा तो खुला रंगमंच, १९८६ मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ तिथेच सुरू झालं, कितीतरी देशी बँड तिथे उभे राहिले. शेजारी रुग्णालय आणि कॉलेज, त्यामुळे २००० नंतर काही वर्षांतच तिथले कार्यक्रम बंद पडले. रुग्णालयाशेजारी शांतता हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण जिथे तिकीट काढून लोक ऐकायला बसायचे तिथे नियम पोचला, आणि चौकाचौकातल्या स्पीकरच्या भिंतींपुढे तोच नियम दरवर्षी नव्यानं समजावून सांगावा लागतो. ज्या मंडळात ताशाची पोरं वर्षभर घाम गाळतात, त्याच मंडळाच्या मिरवणुकीत भिंत आली की त्यांचा ताशा कुणाला ऐकू येतो, हे एकदा मंडळाच्या बैठकीत विचारून बघा.

पर्ट शेवटचं वाजवून उठला १ ऑगस्ट २०१५ ला, लॉस एंजेलिसमध्ये. ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कॅन्सरनं गेला. ज्यांना फरक स्वतः ऐकायचाय त्यांनी ‘व्हेपर ट्रेल्स’मधलं ‘अर्थशाइन’ घ्यावं. २००२ ची मूळ सीडी कुणाकडे असेल तर उत्तम, दुसरी २०१३ ची प्रत. हेडफोन लावा, आणि दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. नाहीतर जी मोठी वाजेल तीच चांगली वाटेल.