कोसबाडचा पहिला धडा

अंगणवाडीचा इतिहास सांगणारे १९७५ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी एकात्मिक बालविकास योजना आली हे खरंच, पण तिचं बी आमच्या पालघरात तीस वर्षं आधी पडलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पोर शाळेत येत नाही, तर शाळा तिच्या अंगणात न्यायची, हा ताराबाईंचा विचार. १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, हाच तिथला पहिला धडा.

मी या भागात मुख्यसेविका होते. माझ्या नोंदवहीत वजन, उंची, दंडघेर या सगळ्यांना रकाने होते. आंघोळीला नव्हता.

ते १९४५ साल वारल्यांच्या उठावाचंही. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उभे राहिले ते वेठ आणि लग्नगडीविरुद्ध, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी राबण्याविरुद्ध. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराची खावटी घ्यायची आणि पीक निघालं की वाढवून फेडायची. भूक पुढेही गेली नाही. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतली पोरं कुपोषणाने गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर आम्ही सगळ्या वजनकाट्याकडे बघू लागलो, आणि ते गरजेचंच होतं. पण पाड्यावरची पोर नुसती उपाशी नसते. तिला जुलाब असतात, पोटात जंत असतात, ताप येऊन जातो, पुन्हा येतो.

या आजारपणाचं मोल मला कळलं ते बांगलादेशातल्या सिल्हेटच्या बायकांवरच्या अभ्यासातून. डरहॅम विद्यापीठाच्या जिलियन बेंटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून लंडनला गेलेल्या बायका तपासल्या. आठ वर्षांच्या आत गेलेल्या मुलींची पाळी लवकर आली आणि मोठेपणी त्यांच्या लाळेत प्रोजेस्टेरॉन हे गर्भधारणेला लागणारं संप्रेरक जास्त सापडलं. सिल्हेटमध्येच वाढलेल्यांमध्ये ते कमी होतं. या बायका काही उपाशी घरच्या नव्हत्या. म्हणून संशोधकांचं बोट लहानपणच्या वारंवार होणाऱ्या आजारांकडे गेलं: शरीराची ताकद जंतूंशी झुंजण्यात गेली, की प्रजननाच्या वाट्याला कमी येते. पुढे २०२२ मध्ये इस्रायलच्या फिलिपा मेलामेड यांच्या गटाने याची रासायनिक खूण दाखवली. बांगलादेशात बालपण गेलेल्या बायकांच्या गालाच्या आतल्या पेशींत एका जनुकावर मिथाइलचे गट जास्त होते. जनुक तेच राहतं, त्याचं काम मंदावतं; एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच. त्याच अभ्यासात लहान वयात आतड्याला सूज आणलेल्या उंदरांच्या माद्या उशिरा वयात आल्या आणि त्यांच्या अंडाशयातला बीजांचा साठाही कमी भरला. एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच.

हे वाचून मला बोईसरच्या चाळी आठवल्या. १९६९ मध्ये तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, मग एमआयडीसी वाढली आणि कामासाठी पाड्यावरची माणसं उतरून आली. एकाच आईच्या दोन मुली: थोरली मोखाड्यात वाढलेली, धाकटी बोईसरच्या चाळीत. पण बोईसर म्हणजे लंडन नव्हे. इथल्या नाल्यांतून कारखान्यांचं पाणी खाडीत जातं म्हणून मच्छीमार मांगेला समाजाला हरित लवादाकडे जावं लागलं. धाकटीच्या अंगावर कदाचित वेगळंच ओझं येत असेल.

मूल होत नाही म्हणून सासरी बोलणी खाणाऱ्या किती बायका माझ्याजवळ बसून रडल्या! दवाखान्यात त्यांना लग्न कधी झालं ते विचारतात. पाचव्या-सहाव्या वर्षी तू कुठलं पाणी प्यायचीस, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं, आणि ते दवाखान्याच्या कार्डावर लिहायलाही हवं.

अंगणवाडी सहाव्या वर्षी सुटते. सिल्हेटच्या मुलींचा हिशेब आठव्या वर्षापर्यंत जातो. म्हणून पहिली-दुसरीच्या वर्गात जंतांची गोळी चुकू नये, नळाला पाणी यावं आणि हात धुवायला साबण असावा, असं मी सेविकांना अजून सांगते. ज्या पाड्यावर विहीर आटते, तिथे टँकर शाळेपाशी आधी थांबवा, हेही सांगते.