फर्ग्युस सूटर : एका धंदेवाईक खेळाडूची हकीकत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लँकेशायरमधील गिरणगांवांतून ‘स्कॉच प्रोफेसर’ असा एक शब्द रूढ झाला होता. हे प्रोफेसर कोणत्याहि विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. स्कॉटलंडांतून येऊन त्यांनीं उत्तर इंग्लंडांतील लोकांस फुटबॉल कसा खेळावा हें शिकविलें, म्हणून त्यांस ही उपाधि मिळाली. प्रस्तुत लेखकाची हयात याच उपाधीवर गेली असल्यामुळें त्यास या मंडळींविषयीं सहजच आपलेपणा वाटतो. फरक एवढाच कीं, आम्ही दरमहा पगारपत्रकावर उघड सही करतों. त्यांस मात्र आपणांस पैसा मिळतो हें कबूल करण्याची चोरी होती. ही चोरी कशी चालली आणि अखेर ती कशी मोडली, हें फर्ग्युस सूटर याच्या चरित्रावरून चांगलें समजतें.

सूटर 1857 च्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथें जन्मला. धंद्यानें तो पाथरवट. ग्लासगोच्या पार्टिक भागांत त्याच नांवाचा एक संघ होता, त्यांत तो खेळे. याच भागांतील हॅमिल्टन क्रेसेंट मैदानावर 30 नोव्हेंबर 1872 रोजीं इंग्लंड व स्कॉटलंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला व तो एकहि गोल न होतां बरोबरींत सुटला. पण त्या कोऱ्या बरोबरींतच पुढील सर्व इतिहासाचें बीज होतें. इंग्रज गडी चेंडू पायाशीं घेऊन, मान खालीं घालून, एकटाच धांवत सुटे. बाकीचे त्याच्या मागें. स्कॉच गडी अंगानें हलके, म्हणून त्यांनीं एकमेकांस चेंडू देत देत पुढें सरकण्याची युक्ति काढली. आज जगभर जो फुटबॉल खेळतात तो या दुसऱ्या जातीचा. ही विद्या सूटरनें ग्लासगोच्या हवेंतच उचलली.

ऑक्टोबर 1878 मध्यें सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. शेंकडों घरांची धूळधाण झाली, इमारतींचीं कामें थांबलीं, आणि पाथरवटाच्या हातोड्यास काम उरलें नाहीं. त्याच वर्षाच्या आरंभीं पार्टिकचा संघ लँकेशायरमध्यें डार्वेन येथें खेळून गेला होता. तेथील लोकांनीं सूटरचा खेळ पाहिलेला होता. वर्ष संपण्यापूर्वीं तो डार्वेनला आला. येथेंहि तो प्रथम दगडच घडूं लागला. पण इंग्लंडचा दगड फार कठीण, त्यानें हात सुजतात, असें म्हणून त्यानें हातोडा ठेवला तो कायमचा, अशी आख्यायिका आहे. मग तो खात काय होता, हा प्रश्न त्याच्या शेजाऱ्यांसहि पडलाच असेल! पण विचारावयाचा नाहीं, असा त्या गांवचा शिष्टाचार होता.

हीं गांवें आपल्यास अगदींच परकीं नव्हेत. डार्वेन आणि त्याच्या शेजारचें ब्लॅकबर्न येथील मागांवर कापड विणलें जाई. ब्लॅकबर्नच्या धोतरजोड्या तर आपल्याच बाजारांत खपत. 1931 सालीं लँकेशायरच्या कामगारांची स्थिति पाहण्यास गांधीजी गेले, ते डार्वेन येथेंच उतरले होते.

या डार्वेनच्या संघाची गांठ 1879 सालीं असोसिएशनच्या चषकाच्या सामन्यांत ओल्ड ईटोनियन्सशीं पडली. एका बाजूस ईटनच्या शाळेंत वाढलेले जहागीरदारांचे व पेढीवाल्यांचे चिरंजीव. दुसऱ्या बाजूस सूत गिरण्यांतील कामकरी आणि त्यांत दोन स्कॉच, सूटर व जेम्स लव्ह. सामना लंडनमध्यें ओव्हलच्या मैदानावर. सव्वा तास संपून गेला तरी डार्वेनवर 5 गोल झालेले, त्यांचा स्वतःचा अवघा 1. शेवटच्या पंधरा मिनिटांत डार्वेनच्या मंडळींनीं 4 गोल चढविले आणि बरोबरी केली. जादा वेळ खेळून निकाल लावूं, असें त्यांनीं म्हटलें. ईटोनियन्सनीं नकार दिला.

या नकाराचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पुन्हा सामना म्हणजे पुन्हा लंडन. सुमारें दोनशें मैलांचा प्रवास, त्याचें भाडें, आणि बुडालेली मजुरी. ईटोनियन्सना यांतलें कांहींच सोसावें लागणार नव्हतें. डार्वेनच्या लोकांनीं वर्गणी गोळा करून आपले गडी पुन्हा पाठविले. दुसरा सामनाहि 2–2 असा सुटला. तिसऱ्यांदा ते गेले तेव्हां थकलेले होते. 6–2 असे हरले. त्या वर्षीं चषक ईटोनियन्सनींच नेला. पैशाकरितां खेळणें हें हीनपणाचें, असें सांगणाऱ्या सद्गृहस्थांनीं हा विजय पैशाच्याच जोरावर मिळविला, असें मी म्हटलें तर वाचकांनीं मला पक्षपाती म्हणूं नये. वडिलांच्या इस्टेटीवर जगून खेळावें तो हौशी, आणि खेळाच्या मिळकतीवर जगून खेळावें तो भाडोत्री, या न्यायांत नीति किती आणि सोय किती?

लव्ह पुढें मरीन दलांत भरती झाला व 1882 सालीं ईजिप्तमध्यें वारला. सूटरची वाट निराळी. 1880 सालीं तो डार्वेन सोडून ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला आणि डार्वेनांत संतापाचा डोंब उसळला. ज्या गांवानें आपल्या पोटास चिमटा घेऊन वर्गणी दिली, त्यास सोडून हा चार पैसे अधिक देणाऱ्या शेजाऱ्याकडे गेला! दोन्ही गांवांचें वैर पुढें इतकें माजलें कीं, त्यांचे सामने म्हणजे दंग्याचा प्रसंग होऊन बसला. येथें मात्र सूटरची बाजू घेणें मला जड जातें. मजुरास अधिक मजुरीच्या कामावर जाण्याचा हक्क आहे खरा. पण डार्वेननें त्यास केवळ मजूर मानलें नव्हतें. तरीहि ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, करारच उघडपणें करतां येत नव्हता. मग तो पाळावयाचा तरी कसा?

1882 सालीं रोव्हर्स अंतिम सामन्यास पोंचले. समोर पुन्हा ईटोनियन्स. 1–0 असा त्यांचा जय झाला, आणि त्यांचा दाढीवाला पुढारी किनेर्ड आनंदाच्या भरांत ओव्हलवर डोकें खालीं पाय वर करून उभा राहिला. पुढल्याच वर्षीं त्या ईटोनियन्सना कामगारांच्या संघानें हरविलें, पण तो ब्लॅकबर्नचा दुसरा संघ, ऑलिंपिक. 2020 सालीं इंग्रज चित्रमालिकेंत सूटर व किनेर्ड यांची कथा रंगविली गेली, तींत ब्लॅकबर्नच्या दोन संघांचा एकच करून हा विजय सूटरच्या पदरांत टाकला आहे. नाटककारास ती मुभा असेल, इतिहासलेखकास नाहीं. आणि सूटरला तशा उसन्या यशाची गरजहि नव्हती. 1884, 1885 व 1886 अशीं लागोपाठ तीन वर्षें रोव्हर्सनीं चषक जिंकला आणि तिन्ही वेळां सूटर संघांत होता. पहिल्या दोन वर्षीं हरलेला प्रतिपक्ष होता ग्लासगोचा क्वीन्स पार्क, म्हणजे ज्या संघाच्या खेळाडूंनीं ती चेंडू देण्याची विद्या वाढविली, तोच हौशी संघ.

दरम्यान चोरी उघडकीस आली होती. 1884 च्या जानेवारींत प्रेस्टन संघाविरुद्ध लंडनच्या अप्टन पार्कनें तक्रार केली. प्रेस्टनचा चालक विल्यम सडेल, धंद्यानें गिरणीचा व्यवस्थापक, यानें खोटें बोलण्याऐवजीं आरोप कबूल केला. आणि आपण एकटेच असें करतों असें नाहीं, हेंहि सुनावलें. प्रेस्टनला स्पर्धेंतून काढलें. तेव्हां उत्तरेकडील संघांनीं वेगळी संस्था काढण्याची धमकी दिली. अखेर 20 जुलै 1885 रोजीं असोसिएशननें, जन्म किंवा दोन वर्षांचा रहिवास मैदानापासून सहा मैलांच्या आंत असला पाहिजे अशा अटी घालून, धंदेवाईक खेळास मान्यता दिली. सूटर तेव्हां अठ्ठाविसाव्या वर्षांत होता.

स्कॉटलंडनें ही मान्यता 1893 पर्यंत दिली नाहीं, आणि इंग्लंडांत खेळणाऱ्या स्कॉच गड्यांस राष्ट्रीय संघांत घेण्यास 1896 साल उजाडावें लागलें. त्यामुळें ज्याच्या अंगीं स्कॉटलंडची विद्या होती, त्या सूटरला स्कॉटलंडकडून एकदांहि खेळावयास मिळालें नाहीं. 1888 सालीं उघडपणें पगार देणाऱ्या संघांची फुटबॉल लीग सुरू झाली, तोंवर त्याचे पाय जड झाले होते. त्या लीगमध्यें त्याच्या नांवावर एकच सामना आहे. डिसेंबर 1888 मध्यें वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध. पुढें त्यानें खाणावळीचा व मद्यगृहाचा धंदा केला. 31 जुलै 1916 रोजीं ब्लॅकपूल येथें तो वारला; महायुद्धामुळें लीगचे सामने तेव्हां बंद होते.