प्रतिकृती इंजिनातील मोटारीची जागा

वाफेच्या रेल्वे इंजिनात बॉयलरमधील वाफ सिलिंडरचा दट्ट्या ढकलते, दट्ट्या मुख्य दांड्यामार्फत चाकांना फिरवतो आणि जोडदांडे ती गती शेजारच्या चाकांपर्यंत नेतात; खेळण्यातील किंवा छंदिष्टांच्या प्रतिकृतीत मात्र हा क्रम उलटतो, कारण तेथे आत दडवलेली मोटार चाके फिरवते आणि चाकेच दट्ट्याला मागेपुढे ओढत नेतात. हा उलटा व्यवहार पाहणाऱ्याच्या लक्षात येऊ नये, म्हणून मोटार कोठे आणि कशी बसवायची, या प्रश्नाभोवती ब्रिटनमधील प्रतिकृती-रेल्वेचा शंभर वर्षांचा इतिहास फिरत आला आहे.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने 1920 मध्ये किल्ली देऊन चालणाऱ्या आगगाड्या बाजारात आणल्या. त्या 32 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावत असल्यामुळे पोलादी स्प्रिंगला आत ऐसपैस जागा मिळे, आणि 1925 पासून तेथे विजेची मोटारही येऊ लागली. खरी अडचण आली ती मेजावर मांडता येईल अशा छोट्या रेल्वेत. जर्मनीच्या बिंग कंपनीने 1922 मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या बासेट-लोक यांच्यासाठी तशी रेल्वे तयार केली, आणि पुढे 16.5 मिलिमीटर हे रुळांचे अंतर रूढ झाले. युरोपात या रुळांवर एका फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणात गाड्या बनत. परंतु ब्रिटिश बोगदे आणि पूल अरुंद असल्याने तेथील मूळ इंजिनेच लहान होती, त्यामुळे त्या प्रमाणात त्यांच्या पोटात त्या काळची मोटार मावेना. तेव्हा इंजिनाचे अंग फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात वाढवले गेले आणि रूळ मात्र होते तेवढेच राहिले. त्या प्रमाणाने रुळांचे अंतर 18.83 मिलिमीटर हवे होते. ही तफावत आजही बहुसंख्य ब्रिटिश प्रतिकृतींत कायम आहे. एका यंत्राच्या आकाराने सबंध देशाच्या छंदाचे मोजमाप ठरवावे, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने फार गांभीर्याने घ्यायला हवी.

1938 मध्ये हॉर्नबी-डब्लो ही 12 व्होल्टवर चालणारी मालिका आली, आणि नंतर प्रतिस्पर्धी ट्राय-अँग कंपनीच्या गाड्यांतही मोटारीच्या दांड्यावर मळसूत्राच्या आकाराचा दाता, म्हणजे वर्म, बसवून तो आसावरील दातेरी चाकात गुंतवण्याची पद्धत रुळली. तिचे कारण हिशोबाने स्पष्ट होते. मूळ इंजिनाचे सहा फुटी चाक प्रतिकृतीत 24 मिलिमीटरचे होते. ताशी 60 मैलांचा प्रमाणबद्ध वेग गाठण्यासाठी ते मिनिटाला सुमारे 280 वेळा फिरावे लागते, तर लहान मोटारी मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे सहज घेतात. म्हणजे वेग चाळीसपटीने उतरवणे आले, आणि तेवढी घट एकाच टप्प्यात, थोड्या जागेत, वर्मखेरीज दुसरे काही देऊ शकत नाही.

1970च्या दशकात हॉर्नबीने अनेक इंजिनांतील मोटार काढून ती टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाणी वाहणाऱ्या मागच्या डब्यात, बसवली. उत्पादन सोपे झाले, इंजिनाच्या चालकाची खोली मोकळी दिसू लागली. पण इंजिनाला त्याचाच टेंडर मागून ढकलू लागला. हलके इंजिन कधी चाके न फिरवता नुसते घसरे, आणि पकड वाढावी म्हणून टेंडरच्या चाकांवर चढवलेली रबरी कडी विजेचा संपर्क तोडत व रुळांवरचा मळ गोळा करत. ही माघार होती, आणि कुशल छंदिष्टांनी ती तशीच मानली.

त्यांनी घरातील मेजावर सुधारणा सुरू केली. पितळी पत्र्याची नवी चौकट, स्विस बनावटीची पोर्टेस्कॅप मोटार किंवा लहान बंदिस्त मोटार, आणि तयार गिअरपेटी जोडून चालना पुन्हा इंजिनाच्या आसांवर आणली गेली. या कामात दोन जागा फार नाजूक असतात. वर्म आणि दातेरी चाक घट्ट भिडले तर मोटार तापते, सैल राहिले तर दाते झिजतात. म्हणून दोहोंमध्ये सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी धरून ते बसवतात आणि मग कागद काढून घेतात. दुसरी जागा चाकांच्या कोनाची: डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये 90 अंशांचे अंतर असते आणि ते प्रत्येक आसावर तंतोतंत सारखे नसेल, तर जोडदांडे एका फेऱ्यात ठराविक ठिकाणी अडतात व गाडी लंगडत चालते. जुन्या मोटारीचे काय करावे, याचेही उत्तर सापडले: तिचे अल्निको लोहचुंबक आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता गाभा, बाहेर काढताच दुबळे होत, तेव्हा त्याच जागी निओडिमियमच्या छोट्या चकत्या बसवल्या की तीच मोटार पुन्हा जोमाने ओढू लागते.

1990च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीचे उत्पादन चीनमध्ये गेले आणि नव्या मोठ्या इंजिनांत मोटार पुन्हा बॉयलरखाली आली. मोकळ्या झालेल्या टेंडरमध्ये आता बहुधा रुळांतून आलेले अंकीय संदेश वाचणारा डिकोडर आणि वाफेचा आवाज काढणारा स्पीकर असतो, आणि इंजिन व टेंडर यांना जोडणाऱ्या बारीक तारा वळणावर ताणल्या जाऊ नयेत, हीच जोडणाऱ्याची नवी काळजी बनली आहे.