कठोर क्ष-किरण खगोलशास्त्रातील अर्धवाहक पिक्सेल शोधक : पुणे जिल्ह्याच्या विज्ञानेतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :
मावळ-लोणावळा परिसराच्या इतिहासात लेणी, किल्ले, घाटवाटा आणि लोहमार्ग यांचा विचार प्राधान्याने होतो. याच घाटमार्गाच्या दोन टोकांना असलेल्या संस्थांनी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या 'आयुका'ने, एका अवकाशीय उपकरणाच्या जडणघडणीत मोलाचा वाटा उचलला. 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहावरील कॅडमियम झिंक टेल्युराइड प्रतिमाग्राहक, म्हणजेच 'सीझेडटीआय', हे ते उपकरण होय. ज्या उपकरणाचा मुख्य घटक परदेशातून आला, ते आपले कोणत्या अर्थाने म्हणावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
पृथ्वीचे वातावरण अवकाशातून येणारे क्ष-किरण शोषून घेते. त्यामुळे या शाखेचा विकास रॉकेट, बलून आणि उपग्रह यांच्या आधारे झाला. १९६२ मध्ये अमेरिकन रॉकेटने वृश्चिक राशीतील पहिला सौरमालेबाहेरचा क्ष-किरण स्रोत शोधला. १९६८ मध्ये टाटा संस्थेने हैदराबादहून बलून सोडून त्याच स्रोताचे कठोर क्ष-किरण मोजले. १९७५ च्या 'आर्यभट्ट' उपग्रहावरील प्रयोग वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे काही दिवसांतच थांबले. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावर वायूने भरलेले गणित्र पाठविण्यात आले.

वायूची घनता कमी असल्याने अधिक ऊर्जेचे किरण त्यातून आरपार जातात. जर्मेनियमचे स्फटिक ते रोखतात, परंतु त्यांना अतिशय थंड ठेवावे लागते. कॅडमियम झिंक टेल्युराइड हा अर्धवाहक जड मूलद्रव्यांचा असून सामान्य तापमानाच्या आसपास कार्य करतो. त्याचे पिक्सेलमध्ये विभाजन केल्यास किरण कोठे पडला हेही समजते. युरोपच्या 'इंटिग्रल' (२००२) आणि अमेरिकेच्या 'स्विफ्ट' (२००४) या उपग्रहांनी याच कुळातील शोधक वापरले होते.

उपकरण आणि अंशांकन :
ॲस्ट्रोसॅटचे प्रक्षेपण २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून झाले. सीझेडटीआयमध्ये ६४ शोधक असून प्रत्येकात २५६, म्हणजे एकूण १६,३८४ पिक्सेल आहेत. स्फटिकांची जाडी ५ मिलिमीटर आहे. हे शोधक इस्रायलमधील कंपनीकडून घेण्यात आले. एवढ्यावरून उपकरण परकीय ठरविणे मात्र योग्य होणार नाही. प्रत्येक पिक्सेलचा प्रतिसाद वेगळा असतो. काही पिक्सेल किरण नसतानाही संकेत देतात. त्यांची पारख केल्याशिवाय मिळालेल्या आकड्यांना अर्थ नसतो. विदा-प्रक्रियेचे हे काम मुख्यतः आयुकातील परिचालन केंद्रात होते.

वेळेच्या अचूकतेचे उदाहरण बोलके आहे. क्रॅब स्पंदक सुमारे ३३ मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोडद (ता. जुन्नर) येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आणि उटीची दुर्बीण यांच्या समकालीन निरीक्षणांचाही उपयोग करण्यात आला. अमेरिकेच्या 'फर्मी' दुर्बिणीच्या तुलनेत सीझेडटीआयच्या वेळेत सुमारे ४.७ मिलिसेकंदांचा स्थिर फरक आढळला. हा फरक एका फेरीच्या सातव्या हिश्श्याइतका आहे. तो दुरुस्त केला नसता तर स्पंदकाच्या फेरीतील कोणत्या टप्प्यावर काय घडते, याविषयीचे निष्कर्ष चुकले असते.

या परिश्रमांचे फळ ध्रुवीकरणाच्या मापनात दिसले. एका पिक्सेलमध्ये विखुरलेला किरण शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो, तेव्हा त्या जोडीच्या दिशेवरून ध्रुवीकरण कळते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात क्रॅबच्या १०० ते ३८० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट किरणांचे ध्रुवीकरण सुमारे ३३ टक्के असल्याचे दाखविले. दोन स्पंदांमधील क्षीण टप्प्यात ते लक्षणीयरीत्या बदलते, हे निरीक्षण प्रचलित सिद्धांतांपुढे आव्हान ठरले.

निष्कर्ष :
शोधकांसाठीचे परावलंबन ही उणीव आहेच. स्फटिकनिर्मितीची क्षमता देशात विकसित होणे आवश्यक आहे. तथापि, उपकरणाचे स्वामित्व केवळ खरेदीच्या पावतीवरून ठरत नाही. त्याचे दोष ओळखून त्यावर विश्वास ठेवता येईल अशी रीत ज्यांनी घडविली, त्यांचाही त्यावर तितकाच अधिकार असतो. हे श्रम शोधनिबंधांत एखाद्या तक्त्यापुरते उरतात. चाचणी-नोंदवह्या आणि तंत्रज्ञांच्या आठवणी काळाच्या ओघात नाहीशा होतात. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन त्यांचे मौखिक संकलन हाती घेतल्यास स्थानिक इतिहासलेखनाची कक्षा निश्चितच विस्तारेल.